नवं पोट घेऊन कामावर

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला तयार झालेला माणूस सर्जनसमोर बसला की एक प्रश्न हमखास विचारतो : "डॉक्टर, कामावर कधीपासून जाता येईल?" उत्तर ऐकून तो चकित होतो. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पुढे काही गुंतागुंत झाली नाही आणि काम टेबलावरचं असेल, तर एक ते दोन आठवडे पुरतात. जठराचा मोठा भाग कापून कायमचा बाहेर काढलेला, आणि दोन आठवड्यांत माणूस पुन्हा काउंटरवर! गोदामात पोती उचलणाऱ्याला किंवा वॉर्डात पेशंटला आधार देऊन उठवणाऱ्या नर्सला मात्र तेच सर्जन चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात, कधी त्याहूनही जास्त.

ऑपरेशन एकच, मग रजेत एवढा फरक का? या साध्या प्रश्नाच्या मागे लागलं, की शरीराचे एकेक विलक्षण व्यवहार उलगडत जातात. रजेचे दिवस मोजले जातात ते जखमेसाठी. शस्त्रक्रियेने शरीरात जो बदल घडवायचा असतो, त्यातला बहुतेक बदल रजा संपल्यावर घडतो. काउंटरवर, कॅन्टीनमध्ये, स्टेशनच्या पुलावर, एक वाजता डबा उघडताना. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सहकाऱ्याच्या शरीरात काय काय चाललंय, हे कळलं तर आपण त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू, असं मला मनापासून वाटतं.

कापताकापताच शिवणं

आज सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडतात. पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवून आत काम करायला जागा करतात, आणि जठराचा बाहेरच्या वळणाकडचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढतात. मागे उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. भरपेट जेवल्यावर लिटर-दीड लिटर सामावून घेणाऱ्या जठराच्या जागी आता शंभर-दीडशे मिलिलिटरची जागा राहते.

हे कापायचं साधन जवळून पाहण्यासारखं असतं. त्याला स्टेपलरच म्हणतात. त्याचे लांब, निमुळते जबडे जठरावर मिटतात, सर्जन कळ दाबतो आणि टायटॅनियमच्या तारांच्या सहा ओळी एकामागून एक बसत जातात, तीन अलीकडे आणि तीन पलीकडे. त्यांच्या मधोमध एक पातं सरकतं. म्हणजे कापणं आणि शिवणं एकाच हालचालीत होतं. प्रत्येक तार पाव मिलिमीटरहून बारीक. मिटताना ती वळून इंग्रजी 'बी' अक्षराचा आकार घेते. हा आकार मुद्दाम ठरवलेला आहे. त्या अक्षराच्या दोन पोकळ्यांतून बारीक रक्तवाहिन्या वाहत राहतात आणि कापलेली कड जिवंत राहते. कड जिवंत राहिली तरच ती जुळून येणार.

आता रजेच्या हिशेबाकडे येऊ. शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकांत जखमेच्या ताकदीचे ढोबळ आकडे दिलेले असतात. पहिल्या आठवड्याच्या शेवटी भरत आलेल्या जखमेत मूळ त्वचेच्या जेमतेम ३ टक्के ताकद असते. तीन आठवड्यांनी साधारण ३० टक्के. तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के, आणि त्यापुढे ती फारशी वाढत नाही. सुरुवातीला शरीर घाईघाईने एका प्रकारचं कोलॅजन टाकून फट बुजवतं. मग सवडीने ते काढून जास्त चिवट प्रकारचं कोलॅजन बसवतं, आणि नव्या धाग्यांची मांडणी ताण ज्या दिशेने येतो त्या दिशेने करून घेतं. वरून जखम कोरडी आणि बरी दिसत असते तेव्हा आत ही डागडुजी जोरात चालू असते. पोतं उचलताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो थेट या कोवळ्या जागांवर येतो. हर्निया होण्याची भीती तिथे असते. खुर्चीत बसून केलेल्या कामाने तो दाब येत नाही. रजेतला फरक तो एवढ्यासाठी.

पहिल्या काही दिवसांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. ऑपरेशन पोटाचं, आणि दुखतो खांदा! पोट फुगवायला वापरलेला वायू आणि त्यामुळे आलेला ताण श्वासपटलाला टोचत असतो. श्वासपटलाची नस निघते मानेतून, कारण गर्भावस्थेत हे पटल मानेजवळ तयार होऊन नंतर खाली सरकतं, आणि आपली नस सोबत ओढत आणतं. खांद्याच्या त्वचेच्या नसाही मानेतल्या त्याच भागातून येतात. मेंदूला संदेश मिळतो तो त्या भागाचा, आणि तो समजतो की खांदा दुखतोय. आईच्या पोटात असताना झालेल्या एका प्रवासाची खूण माणसाला चाळिसाव्या वर्षी अशी जाणवते. हे दुखणं थोड्या दिवसांत आपोआप जातं. पण नाडी सारखी जलद चालणं, ताप, पोटात वाढत जाणारी कळ, पोटरी सुजून दुखणं किंवा धाप लागणं यांतलं काहीही झालं, तर ऑफिसचा विचार सोडून तडक हॉस्पिटल गाठायचं असतं.

शंभर घोट

समजा, बँकेत काउंटरवर काम करणाऱ्या एक बाई दोन-अडीच आठवड्यांनी कामावर रुजू झाल्या. त्यांच्या टेबलावर सगळ्यात आधी दिसेल ती पाण्याची बाटली. पूर्वी पाव बाटली एका दमात संपवणाऱ्या या बाई आता छोटासा घोट घेतात, थांबतात, पासबुक बघतात, पुन्हा घोट घेतात.

आपण घास गिळतो तेव्हा एक गोष्ट आपल्या नकळत घडते. घास अन्ननलिकेतून उतरत असतानाच व्हेगस नावाच्या नसेतून जठराच्या वरच्या फुगीर भागाला आदेश जातो : सैल हो, पाहुणा येतोय. तो भाग सैलावतो आणि आतला दाब फारसा न वाढता अन्न सामावलं जातं. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये नेमका हाच फुगीर भाग काढलेला असतो. आदेश येतो, पण सैल व्हायला जागाच नसते. मोठा घोट घेतला तर दाब लगेच वाढतो आणि छातीच्या मध्यभागी कळ येते.

इकडे शरीराला पाणी तर रोजच्याइतकंच हवं असतं, किंबहुना बाहेरून जास्तच प्यावं लागतं. एरवी आपल्या पाण्याचा मोठा वाटा वरण-भातातून, भाज्यांतून, फळांतून मिळतो, तो आता आटलेला असतो. शिवाय सुरुवातीच्या दिवसांत स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा वापरला जातो आणि त्याला धरून असलेलं पाणीही लघवीवाटे निघून जातं. डॉक्टर रोज किमान दीड लिटर द्रव प्यायला सांगतात. एक घोट १५ मिलिलिटरचा धरला तर दीड लिटरसाठी शंभर घोट होतात. दिवसभरात शंभर वेळा आठवण ठेवून, जेवणाच्या आधी-नंतरचा अर्धा-अर्धा तास वगळून! पहिल्या महिन्यात पेशंट पुन्हा हॉस्पिटलमध्ये येण्याचं एक मोठं कारण शरीरातलं पाणी कमी होणं हे असतं. म्हणून काउंटरवर बाटली ठेवायची परवानगी या बाईंसाठी औषधाइतकी महत्त्वाची आहे.

एक वाजता भूक लागतच नाही

दुपारी एक वाजता बँकेतले सगळे उठतात, डबे उघडतात, कुणीतरी लोणच्याची बाटली काढतं. या बाईंना मात्र भूक नसते. मळमळ नाही, कंटाळा नाही, भूक लागण्याची ती ओळखीची संवेदनाच गायब असते.

१९९९ साली जपानमधल्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी उंदरांच्या जठरातून एक नवं संप्रेरक वेगळं केलं, घ्रेलिन. तोवर जठर म्हणजे अन्न घुसळणारी पिशवी एवढीच बहुतेकांची समजूत होती. ही पिशवी रक्तातून मेंदूला भुकेचा निरोप पाठवते, हे त्यामुळे उघड झालं. पुढे दोनच वर्षांत अमेरिकी संशोधकांनी माणसांच्या रक्तातलं घ्रेलिन दिवसभर मोजलं. ते प्रत्येक जेवणाच्या ऐन आधी जवळजवळ दुपटीने वाढत होतं आणि जेवल्यावर तासाभरात उतरत होतं. एक वाजला की पोटात कावळे ओरडतात, ते या चढत्या घ्रेलिनमुळे. आणि हे घ्रेलिन सर्वाधिक तयार होतं ते जठराच्या त्याच फुगीर भागात, जो ऑपरेशनमध्ये निघून गेलेला आहे.

आता उपासमार करून वजन घटवणाऱ्याच्या बाबतीत काय होतं, ते बघा. त्याचं वजन उतरत जातं तसं घ्रेलिन वाढत जातं. शरीराला वाटतं दुष्काळ पडला, आणि ते भुकेचा आवाज चढवत नेतं. म्हणून डाएटने घटलेलं वजन इतक्या वेळा परत येतं. त्यात त्या माणसाच्या इच्छाशक्तीचा दोष शोधणं अन्यायाचं आहे. लाखो वर्षं दुष्काळातून तगून आलेलं शरीर आपलं काम करत असतं. स्लीव्हनंतर वजन झपाट्याने उतरत असूनही घ्रेलिन खालीच राहतं. ज्यांना या शस्त्रक्रियेत केवळ सोपी पळवाट दिसते, त्यांनी एवढी एक गोष्ट समजून घ्यावी.

भूक नसली तरी खावं मात्र लागतं, आणि तेही घड्याळ लावून. रुजू झाल्यावरच्या पहिल्या दिवसांत डब्याऐवजी थर्मास असतो : गाळलेलं सूप, ताक, प्रोटीन पावडर घातलेलं दूध. मग दाटसर, मिक्सरमधून काढलेलं. मग मऊ. दोनेक महिन्यांनी डबा पुन्हा डब्यासारखा दिसू लागतो. त्यात काय असतं? मुगाचं घट्ट वरण दोन-तीन चमचे, उकडलेलं अंडं किंवा पनीरचे तुकडे, भाजी चवीपुरती. बाई चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच घेतात. ते अगदी पातळ होईपर्यंत चावतात. गिळतात आणि चमचा खाली ठेवतात. हात मोकळा राहिला की पुढच्या घासाची घाई होत नाही. असं अर्धा तास. मऊ पोळीचा लगदा होतो आणि मोकळा भातही घट्ट बसतो, म्हणून आयुष्यभर जेवणाचा कणा असलेले हे दोन पदार्थ सुरुवातीला मागे पडतात. आधी प्रोटीन, कारण रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं. एका अंड्यात ते साधारण ६ ग्रॅम असतं. दहा अंड्यांएवढं प्रोटीन दीडशे मिलिलिटरच्या पोटातून दिवसभरात उतरवायचं, हे गणित बाई रोज सोडवत असतात. प्रोटीन कमी पडलं तर शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं.

गोळी सुटते आणि पेढा झेपत नाही

दुसरी मोठी शस्त्रक्रिया म्हणजे गॅस्ट्रिक बायपास. जठराचा अल्सर काढताना अर्धंअधिक जठर गेलेल्या पेशंटचं वजन वाढत नाही, हे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे सर्जन एडवर्ड मेसन यांनी हेरलं आणि १९६६ साली वजन कमी करण्यासाठी ही शस्त्रक्रिया केली. आजच्या बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करतात आणि तिला लहान आतडं खालून आणून जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून पुढे जातं.

मेसन यांच्या डोळ्यांसमोर फक्त वजन होतं. पण पेशंटचा मधुमेह ओसरू लागला, आणि तोही वजन उतरायच्या आधी, काही दिवसांत! नॉर्थ कॅरोलिनातले सर्जन वॉल्टर पोरीज यांनी १९९५ साली सहाशेहून अधिक पेशंटचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा लेखाच्या शीर्षकातच त्यांनी 'कुणाला वाटलं असतं?' असं विचारलं होतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या कोरड्या पानांवर असा उद्गार क्वचितच दिसतो.

आज त्यामागची काही कारणं कळली आहेत. अन्न लवकर आणि न पचलेल्या अवस्थेत आतड्याच्या पुढच्या भागात पोहोचतं. तिथल्या पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक कितीतरी पटींनी जास्त सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि मेंदूला सांगतं, पोट भरलं. आपलं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं. सध्या ज्या आठवड्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनांची एवढी चर्चा आहे, ती याच संप्रेरकाची दीर्घकाळ टिकणारी नक्कल आहे.

कामावर परतणाऱ्यासाठी या चमत्काराचा एक व्यावहारिक अर्थ आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांचा जुना डोस आता जास्त होऊ शकतो. मीटिंगमध्ये एकदम घाम फुटून थरथर सुटणं किंवा खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं ही डोस कमी करायची वेळ आल्याची खूण असू शकते. डॉक्टरांना लगेच कळवायला हवं. गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्त करायच्या नाहीत.

आणि मग येतो पेढा. कुणाला बढती मिळते, कुणाचा मुलगा पास होतो, बॉक्स फिरतो. "घे गं, एकाने काय होतंय!" बायपासनंतर एकानेही होतं. साखरेचा ऐवज छोट्या पिशवीतून सरळ लहान आतड्यात जाऊन पडतो. ते घट्ट द्रावण सौम्य करायला रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, सोबत आतड्यातली संप्रेरकं उसळतात. दहा ते तीस मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात पिळवटणं, कुठेतरी आडवं व्हावंसं वाटणं. याला डंपिंग म्हणतात. कधी याचा दुसरा अंक एक ते तीन तासांनी होतो. उसळलेलं इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त ठरतं आणि रक्तातली साखर खाली जाते. पार्टीतल्या दारूचंही तसंच. बायपासनंतर ती रक्तात फार लवकर आणि फार वर चढते. तेव्हा सहकाऱ्याने नको म्हटलं, की ते नको खरं माना.

गेलेलं वजन कुठे गेलं?

पहिल्या वर्षात एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा, कधी त्याहून अधिक वजन जातं. ऑफिसात रोज कुणी ना कुणी म्हणतं, "किती बारीक झालीस!" पण ती चरबी नेमकी गेली कुठे? घामावाटे? उष्णता होऊन? २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाचे रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी हा हिशेब अणू-अणू मोजून मांडला. १० किलो चरबी शरीरात पूर्ण जळते तेव्हा तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात. उरलेले १.६ किलो पाणी होतात. त्यासाठी माणूस २९ किलो ऑक्सिजन आत घेतो.

थोडं थांबून या आकड्यांकडे बघावंसं वाटतं. काउंटरमागे बसून नोटा मोजणाऱ्या त्या बाई आपलं वजन उच्छ्वासातून हवेत सोडत आहेत. दिवसभर, प्रत्येक श्वासाला, कुणालाही न दिसता. बँकेच्या दारातल्या कुंडीतलं झाड त्यातला थोडा कार्बन उचलून पान वाढवत असेल, हेही अगदी शक्य आहे.

जे वजन गेलं, त्याचा शरीराला होणारा फायदा साध्या वजाबाकीपेक्षा मोठा असतो. गुडघेदुखी असलेल्या जाड माणसांच्या चालण्याचा अभ्यास नॉर्थ कॅरोलिनातच झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एक किलो वजन उतरलं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे १० किलो उतरले तर पावलागणिक ४० किलो. दादरच्या पुलाच्या पायऱ्या आणि प्लॅटफॉर्म धरून घरून ऑफिसपर्यंत हजार पावलं चालणाऱ्याचे दोन्ही गुडघे मिळून एका खेपेत ४० टन कमी भार सोसतात!

दुपारची पेंगही कमी होते. जाड माणूस मीटिंगमध्ये पेंगतो म्हणून त्याला आळशी म्हणणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पुष्कळदा त्याला रात्री झोपेत श्वास अडण्याचा विकार असतो आणि रात्रभरात त्याची झोप असंख्य वेळा मोडलेली असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की वजन उतरल्यावर हा विकार सुधारतो त्यामागचा एक मोठा घटक म्हणजे जिभेतली चरबी कमी होणं. जीभही बारीक होते! रात्री घशाची वाट मोकळी राहते आणि सकाळी ऑफिसला येतो तो खरोखर झोपून उठलेला माणूस.

केस, थंडी आणि 'ब' जीवनसत्त्वं

चित्र सगळं सुखाचं नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, नेमकं सगळे कौतुक करत असताना, कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागतात. एरवी डोक्यावरचे बहुतेक केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि थोडेच विश्रांतीत. मोठा धक्का बसला की शरीर एकदम खूप केसांना विश्रांतीत पाठवतं, आणि विश्रांतीतले केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणजे आज गळणारा केस ऑपरेशनच्या दिवसांची बातमी देत असतो. मुळं शाबूत असतात. लोह आणि प्रोटीन नीट मिळालं तर काही महिन्यांत केस बहुधा परत येतात. एसीतही एकाएकी थंडी वाजू लागते, कारण त्वचेखालचं अस्तर पातळ झालेलं असतं आणि शरीर उष्णताही कमी निर्माण करत असतं. जूनमध्ये शाल घेऊन बसलेल्या सहकाऱ्याला हसू नका. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या तर कायमच्या. बी-१२ शोषून घ्यायला जठरातल्या पेशींनी बनवलेलं एक प्रथिन लागतं, आणि त्या पेशींचा मोठा भाग गेलेला किंवा वाटेतून वगळलेला असतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, बायपासमध्ये अन्न तिथून जातच नाही. सर्वांत नाजूक बाब बी-१ ची, म्हणजे थायामिनची. त्याचा साठा शरीरात दोन-तीन आठवडेच पुरतो. ऑपरेशननंतर उलट्या लागून राहिल्या तर तो साठा संपतो आणि मेंदूला इजा होऊ शकते. "थोड्या उलट्या होतायत, पण रजा संपली म्हणून कामावर आलो," असं कुणी म्हणालं, तर त्याला प्रेमाने रिक्षात बसवून हॉस्पिटलला पाठवा.

'तू कुठे एवढी जाड होतीस?'

परतल्यावर ऐकावं लागणारं हे वाक्य. याचं शास्त्रीय उत्तर आपल्या पुण्याकडे आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे फोटो शेजारी-शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक असूनही आतून, विशेषतः पोटाभोवती, चरबी बाळगून असतो आणि मधुमेह आपल्याला कमी वजनातच गाठतो. म्हणून आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार करण्याची बीएमआयची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरतात. शरीर किती संकटात आहे, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. काय झालं, किती सांगायचं आणि कुणाला सांगायचं, हा निर्णय सर्वस्वी त्या माणसाचा.

नोकरीच्या दृष्टीने या सगळ्याचा शेवट कसा होतो? स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि न झालेल्या तितक्याच जाड माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्यांच्या आजारपणाच्या रजाही मोजल्या. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या रजा जास्त भरल्या, तसं होणारच होतं. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्या दुसऱ्या गटापेक्षा कमी झाल्या. याच अभ्यासात पुढे शस्त्रक्रिया झालेल्या गटातलं मृत्यूचं प्रमाणही कमी आढळलं.

म्हणजे ऑफिसने पहिल्या काही महिन्यांत जे द्यायचं, ते वाया जात नाही. आणि द्यायचं तरी काय? टेबलावर पाण्याची बाटली ठेवायची मुभा. जेवायला अर्धा तास, मध्ये फोन न वाजवता. सहा आठवडे जड उचलायचं काम नाही. रक्ततपासणीच्या दिवशी दोन तासांची सवलत. नको म्हटलेल्या पेढ्याचा आग्रह नाही. वजनाचे आकडे विचारणं नाही. शरीर आपल्या वाट्याचं अवघड काम किती चोख करतं, हे गेल्या साठ वर्षांत जगभरच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. आपल्या, म्हणजे शेजारच्या खुर्चीवरच्या माणसांच्या वाट्याला आलेलं काम त्या मानाने फारच थोडं आहे, आणि ते उद्यापासून करता येण्यासारखं आहे.